डावीकडून ओढलेली रेघ

मला रेघ ओढायला शिकवली ती आमच्या शेजारच्या बाईंनी. बाई म्हणजे अंबरनाथच्या प्राथमिक शाळेतल्या मास्तरीणबाई. स्टेशनच्या पूर्वेला आमची खोली, तिला लागून त्यांची, मध्ये पत्र्याची भिंत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे आणि त्या गडबडीत बाई मागे राहायला नकोत. बाईंवरही चिडणार आहे, पण ते नंतर.

आता आमच्या भरतकामाच्या बराकीत नवी मुलगी कामाला आली की तिला माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "हिचा हात बघ. देवाची देणगी आहे." मी मान खाली घालून पेन्सिल चालवत राहते, पण आतून अंगाचा तिळपापड होतो. कसली देणगी? देव कुठे होता तेव्हा? पत्र्याच्या भिंतीपलीकडे देव नव्हता. तिथे बाई होत्या, दाताला मिश्री लावत बसलेल्या, आणि म्हणत होत्या, "चुकली. परत ओढ." देणगी म्हटलं की सगळ्यांचीच सुटका होते. ज्याला येतं त्याला कुणी शिकवलं ते विचारायला नको, ज्याला येत नाही त्याला शिकवायला नको.

माझं गाव सावंतवाडीच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी. आई लवकर गेली. मी काकूच्या घरात वाढले, म्हणजे काकूची पोरं माझ्या कडेवर वाढली. चौथीत होते तेव्हा काकू बाळंत झाली. "चार दिवस शाळेत जाव नको," म्हणाली. ते चार दिवस अजून संपायचे आहेत. पाटी फळीवर गेली ती गेलीच. पुढे काका अंबरनाथला ज्या कारखान्यात होते तिथेच दादाला काम लागलं, वहिनीला दिवस गेले, आणि हाताखाली कुणीतरी हवं म्हणून त्यानं मला आणलं. मी आले ती गाडीत बसल्यापासून परत जायच्या भीतीनंच. मुळातच घाबरट आहे मी. कडी लावली की नाही हे उठून दोनदा बघते. पण काकूच्या घराची भीती तसली नव्हती. तिथे मी मेले असते तरी आधी भांडी कोण घासणार हा प्रश्न आला असता.

वहिनीचं बाळ रांगायला लागलं तशी मी कॅम्पात कामाला जायला लागले. लढाईच्या वेळी सैनिकांसाठी बांधलेल्या त्या लांबलचक बराकी. सिंधमधून घरंदारं टाकून आलेली माणसं तिथे राहत होती, आणि त्यांच्यातल्याच एका शेठनं एका बराकीत भरतकाम सुरू केलं होतं. लग्नाच्या चादरी, उशांचे अभ्रे, ओढण्या. बायका सुईनं भरायच्या, पण सुई चालवण्याआधी कापडावर नक्षी उठवावी लागते. नक्षी काढायचा मास्टर. एका पातळ तेलकट कागदावर तो पेन्सिलीनं वेल काढायचा. त्या कागदाला खाका म्हणत. तो खाका आमच्यापुढे यायचा. घोंगडीची घडी करून त्यावर कागद ठेवायचा आणि मास्टरच्या रेघेवरून सुईनं बारीक बारीक भोकं पाडत जायचं. मग तो कागद कापडावर पसरून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ चिंधीच्या बोळ्यानं वरून घासली की भोकांतून ठिपके खाली उतरतात. झाली वेल तयार.

माझं काम भोकं पाडायचं. दिवसभर दुसऱ्याच्या रेघेवरून चालायचं. काम असलं की आम्हाला बोलावणं, नसलं की घरी. पावसाळ्यात तर महिना महिना कुणी विचारत नसे. मास्टर मात्र बारमाही. बराकीत आमची जात ठरलेली होती. आम्ही सुईवाल्या, तो पेन्सिलवाला.

एका दिवाळीनंतर शेठ म्हणाला, लग्नसराईचं काम फार आलंय, मास्टर एकटा पुरा पडत नाही, बायांमधून कुणाला जमत असेल तर अजून एक पेन्सिलवाली करून घेऊ. मी घरी येऊन हे सांगितलं. नेमकी त्याच आठवड्यात वहिनीची आई राहायला येणार होती, कायमची. एक खोली, त्यात आम्ही चौघं, वर आता ती. दादा जेवता जेवता माझ्याकडे न बघता म्हणाला, "शिमग्याक काका गावाक जातलो. तू त्याच्याबरोबर जा."

"आणि पेन्सिलवाली झाले तर?"

"झालंस तर बघूया."

वहिनी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "पेन्सिल धरूक येता काय हिका? मागे रेशनाच्या दुकानात सही केली ती बघितलास मां?" दादा हसला. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, आणि त्यामुळेच मला ते सहन झालं नाही. माझं सगळं आयुष्य शिमग्याच्या पलीकडे पडतं की अलीकडे हा प्रश्न होता, आणि तो भाकरीबरोबर चघळून झाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मास्टरपुढे जाऊन बसले. मास्टर चांगला पन्नाशीचा, डोळ्यांत सुरमा, बोलायला कडू. त्यानं एक कोरा कागद पुढे ओढला, पेन्सिल उजव्या कडेला टेकवली आणि न थांबता एक वेल डाव्या कडेपर्यंत सोडली. पाण्यात दोरी सोडावी तशी. म्हणाला, "बना."

मी पेन्सिल उजव्या कडेला टेकवली. जे झालं त्याला आमच्या गावाकडे एकच उपमा आहे. चालता बैल मुतला की रस्त्यावर जशी रेघ उमटते, तशी.

मास्टर कागद वर धरून सगळ्यांना दाखवत म्हणाला, "ये बेल है? ये तो मरा हुआ साँप है." बायका हसल्या. "हाथ नहीं है तेरा. जिसको मालिक ने दिया, दिया. सुई पकड़."

मी परत परत गेले. लाज सोडून. कधी चिंध्यांवर, कधी पुडीच्या कागदावर. दर वेळी तो वेल काढून दाखवायचा, दर वेळी मी त्याच्यासारखी काढायला जायची, दर वेळी साप. माझ्या शेजारी बसणारी एक आगरीण होती, जिभेची तिखट. ती विचारायची, "काय गो पेन्सिलवाली, आज मेला का साप का जिता हाय?"

बाई माझ्या आयुष्यात आल्या त्या नळावर. कपडे धुवायच्या दगडावर मी विझलेल्या कोळशानं वेल काढत होते. मागून आवाज आला, "कपडे धुवायचा दगड आहे तो. तुझ्या बापाचा फळा नाही."

मी दचकून पुसायला गेले. बाईंनी हंडा खाली ठेवला. "थांब. हे काय आहे?"

"वेल."

"होय का? मला वाटलं गांडूळ."

साप काय, गांडूळ काय. मी तिथेच रडले असते, पण नळावर बायका होत्या. मी रागानं सगळं बोलून टाकलं. मास्टर, शिमगा, काकू. बाईंनी हंडा भरेपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "शाळा सुटल्यावर ये. पण एक अट. वेल, फूल, पान यातला एक शब्द काढलास तर हाकलून देईन."

मला वाटलं, विनोद करताहेत. नव्हत्या करत.

बाईंच्या खोलीत त्या आणि त्यांची म्हातारी आई. कोपऱ्यात रद्दी वर्तमानपत्रांचा गठ्ठा, एक डबा कोळशाच्या कांड्यांचा, एक लाकडी फूटपट्टी. पहिल्या संध्याकाळी बाईंनी ती फूटपट्टी माझ्या हाताला जुन्या फितीनं बांधली, कोपराच्या खालपासून तळव्यापर्यंत. मनगट हलायची सोयच नाही. वर्तमानपत्र आडवं पसरून दोन टोकांना दोन टिंबं काढली आणि म्हणाल्या, "जोड."

"पट्टी काढा ना बाई. हात हलत नाही."

"मनगट हलत नाही. हात खांद्यापासून असतो. तिथून ओढ."

मी ओढली. थरथर. वर्तमानपत्रावरचं काय पुसणार, दुसरं टिंब. दुसरी रेघ. छापील ओळींवरून जायचं नाही, त्यांना छेद देऊन जायचं. आडव्या झाल्या की उभ्या, उभ्या झाल्या की तिरक्या. एकमेकींना न शिवता शेजारी शेजारी, भाताच्या रोपांसारख्या.

"तू कोळशाच्या टोकाकडे बघतेस. तिकडे बघू नको. पोचायचंय त्या टिंबाकडे बघ. चालताना पायाकडे बघत चालतेस का?"

"हो."

"का?"

"पडायची भीती वाटते."

"म्हणूनच पडतेस," बाई म्हणाल्या आणि मिश्रीचा हात धुवायला उठल्या.

रेघांनंतर गोल. गोल काढायच्या आधी कोळसा कागदाला न लावता वरच्या वर हवेत फिरवत राहायचं, हाताला वाट सापडली की मग हळूच टेकवायचा. मग लांबट गोल. बाईंनी आईची बांगडी काढून घेतली, माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि तिरकी केली.

"काय दिसतं?"

"बांगडी."

"आकार विचारला."

"गोल."

"नीट बघ."

गोल नव्हताच. चेपलेला दिसत होता. "तुला ठाऊक आहे बांगडी गोल असते, म्हणून तू बघायच्या आधीच उत्तर देतेस," बाई म्हणाल्या. म्हातारी पलंगावरून म्हणाली, "माझी बांगडी द्या आता, हात ओका वाटतो."

मग हंडा, म्हणजे दोन लांबट गोल आणि त्यांना जोडणाऱ्या दोन फुगीर रेघा. कंदील, म्हणजे वर टोपी, मध्ये अंडं, खाली डबी. सूप, पाट, वरवंटा. घरातल्या एकेका वस्तूचे बाई तुकडे पाडून दाखवायच्या आणि मी ते तुकडे वर्तमानपत्रावर मांडायची. थंडी संपत आली. बराकीत सगळीकडे वेली आणि मोर, आणि इथे मी वरवंटा काढतेय.

एक दिवस माझं डोकं फिरलं. मी कोळसा फेकला. तो भिंतीला लागून फुटला.

"मला वेल हवीय, बाई. शिमगा तोंडावर आला आणि तुम्ही मला हंडे काढायला लावता. तुम्हाला काय, तुमची नोकरी आहे, तुमची खोली आहे. मला हाकलून देणार आहेत."

म्हातारी उठून बसली. बाई शांत होत्या. त्यांचा तो शांतपणा मला तेव्हा फार निर्दय वाटला. आजही थोडा वाटतोच. कोळशाचा एक तुकडा उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. "राग आलाय ना? मग रागातच ओढ. भ्यालेला हात कापतो. रागावलेला हात सरळ जातो."

मी ओढली. वर्तमानपत्राच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. सरळ गेली. इतकी सरळ की माझा राग दुप्पट झाला, कारण बाईंचं म्हणणं खरं ठरलं होतं आणि मला ते मान्य करायचं नव्हतं.

त्यानंतर बाईंच्या खोलीत माझा हात चालायला लागला. पट्टी सुटली. गोल एका फटक्यात यायला लागले. आणि तरी बराकीत मास्टरपुढे बसले की तोच साप. मला वाटायला लागलं, मास्टरच खरं बोलतो. हात नसतोच काही जणांना. बाईंचे हंडे वरवंटे कुणालाही येतील.

बाई चिडल्या. "खोटं बोलतेस. हा हात आणि तो हात वेगळा कसा असेल? दाखव तिथे काय करतेस ते. आज काढ वेल."

इतक्या दिवसांनी परवानगी. मी कोळसा घेतला आणि उजव्या कडेला टेकवला.

"थांब," बाई म्हणाल्या. "उजवीकडून का?"

"वेल उजवीकडूनच निघते."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? लग्नाचं काम ना ते. नवरी घरात येते ती उजवं पाऊल टाकून. शुभ कामाला उजवी बाजूच. मास्टरही तिकडूनच काढतात."

हे मी खरोखरच मानत होते. बराकीत कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. मीच बघून बघून मनाशी ठरवलं होतं, आणि इतकं पक्कं ठरवलं होतं की ते कधी कुणाला विचारावं असंही वाटलं नाही. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या हातातला कोळसा काढून घेऊन डब्यात ठेवला.

शाळेच्या सुट्टीच्या दिवशी बाई चालत कॅम्पात आल्या. मला ओळख दाखवली नाही. मास्टरपुढे बसून म्हणाल्या, उशीचे अभ्रे करायचेत, नक्षी दाखवा. मास्टरनं नक्ष्या दाखवल्या, बाईंना एकही पटेना. त्यानं एक नवी काढून दाखवली, तीही पटेना. त्या त्याच्या हाताकडेच बघत होत्या. शेवटी तो वैतागला. "बाई, लेना है तो लो. ये स्कूल नहीं है." बायका हसल्या. माझी आगरीण शेजारीण म्हणाली, "ही कोण आली बया, निस्ती टकामका बघते." बाईंनी दोन अभ्रे सांगितले, मास्टरनं वहीत टिपून घेतले, आणि बाई गेल्या.

संध्याकाळी मी त्यांच्या दारात पोचायच्या आत बोलायला लागल्या. "तुझा मास्टर लिहितो कुठून, बघितलंस कधी?"

"मी कशाला बघू त्याचं लिहिणं?"

"उजवीकडून डावीकडे. त्याचं सिंधी अक्षर तसंच चालतं. लहानपणापासून त्याचा हात तिकडून इकडे घसरलेला आहे. मग रेघ काय, वेल काय, हात त्याच वाटेनं जाणार. आणि तू बसलीस त्याची नक्कल करत. नवरीचं पाऊल म्हणे." बाई हसल्या. मग माझा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. "पाटीवर अक्षरं काढून झाली की वरची रेघ कुठून ओढायचीस?"

माझा हात आपोआप उठला. उत्तर त्यानंच दिलं. हवेतच, डावीकडून उजवीकडे.

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. काय झालं होतं ते सांगता येणार नाही नीट. आनंद अजिबात झाला नाही. मला इतका संताप आला की दात एकमेकांवर घट्ट बसले. तो माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर बसायचा. रोज. माझा हात कुठून निघतो हे त्याला एकदा बघावंसं वाटलं नाही. साप दिसला, हसू आलं, मालिकची देणगी आठवली, पण हात बघितला नाही. गावाकडच्या मास्तरांनी वरची रेघ वाकडी गेली म्हणून माझ्या बोटांवर छड्या मारल्या होत्या. त्या छड्या खाऊन जी एक रेघ हाताला मिळाली होती, तीच मी इथे येऊन टाकून दिली होती. आणि ते शुभ म्हणून.

मला ठाऊक आहे, त्या मास्टरनंही भोगलं होतं. त्याचं दुकान, त्याचं घर, सगळं तिकडे राहिलं. बराकीत प्रत्येकाचंच काही तिकडे राहिलं होतं. पण म्हणून माझा राग कमी झाला असं मी लिहिणार नाही. झाला नाही.

बाईंनी मला आत बोलावलं. "रडून झालं का?"

"रडत नाहीये."

"मग ये. वरची रेघ ओढ. लांब. अक्षरं नकोत, नुसती रेघ."

आधी सरळ. मग तीच रेघ जराशी वर, जराशी खाली, वाऱ्यानं दोरी हलावी तशी. मग त्या रेघेला अक्षरं लोंबतात तशी पानं लोंबवली. पान म्हणजे लांबट गोलच, एका टोकाला चिमटा काढलेला. फूल म्हणजे एका टिंबाभोवती फिरलेले गोल. सगळे तेच तुकडे होते, हंड्याचे आणि कंदिलाचे. वेल अशी निघाली की बाईंच्या आईनं पलंगावरून विचारलं, "हे कुणी काढलं?"

"तुझ्या बांगडीनं," बाई म्हणाल्या.

होळी दोन दिवसांवर आली. काका सामान बांधून तयार. शेठनं मला बघायचं ठरवलं होतं होळीनंतर. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "मागसून कोण नेतलो तुका? गाडीत एकटी बसतलंस?" वहिनीची आई कोपऱ्यात माझ्याच अंथरुणावर बसली होती. माझी पिशवी भरलेली होती. मी भांडी आपटत घासायला घेतली. मला बोलायची सवयच नव्हती, चिडायची होती.

दारात बाई उभ्या राहिल्या. "पत्र्यातून सगळं ऐकू येतं मला. ऐकायचं नसलं तरी."

दादा अवघडला. "बाईनू, ह्या घरातला आसा. तुमी मध्ये पडा नको."

"पडले असते तर तुला कळलं असतं. मी अजून उंबऱ्यावरच आहे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "एकदा तिला शेठपुढे बसू दे. नाही जमलं तर मी स्वतः गावापर्यंत सोडून येईन. सावंतवाडी मी बघितली नाहीये, तेवढंच बघणं होईल."

दादा काकांना पोचवायला एकटाच स्टेशनवर गेला. परत आल्यावर माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. पण पिशवी त्यानंच खुंटीवरून काढून फळीवर ठेवली.

शेठपुढे बसायच्या दिवशी शेठची आईही बराकीत आली होती. तिला सगळे अम्मा म्हणत. जाड भिंगाचा चष्मा, पण कापडातला एक चुकलेला टाका लांबून ओळखायची. मास्टरनं चादरीचा एक कोपरा माझ्यापुढे पसरला, त्यावर कोरा कागद ठेवला आणि सवयीनं पेन्सिल उजव्या कडेला ठेवली.

मी तळवे पदराला पुसले.  मी ती पेन्सिल उचलली आणि डाव्या कडेला आणली.

"उधर से नहीं," मास्टर म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या टोकाकडे बघितलं. भीती होतीच, ती कुठे जाणार, पण तिच्यावर राग चढून बसला होता. खांद्यापासून हात सोडला. वेल गेली. कोपऱ्यावर वळली, खाली उतरली, पानं लोंबली. बराकीत कुणी हसलं नाही. आगरीण म्हणाली, "जिता झाला गो." शेठनं तिला गप्प केलं.

मास्टर वाकून बराच वेळ बघत होता. म्हणाला, "लाइन साफ है. लेकिन बेल उल्टी है. मेरी बेल से मिलेगी नहीं." त्यात तथ्य होतं. त्याची पानं एका अंगाला झुकलेली, माझी दुसऱ्या.

अम्मानं चादर स्वतःकडे ओढून घेतली आणि दुसरा कोपरा वर धरला. तिथे निळा डाग होता. चादरीला कोपरे चार, दोन उजव्या अंगाचे, दोन डाव्या अंगाचे. मास्टर उजव्या अंगाचाच खाका काढायचा. डाव्या कोपऱ्याला तोच कागद पालथा घालून घासायचा. पालथा घातला की भोकांच्या उभ्या राहिलेल्या कडा वर येतात, बोळा त्यांत अडकतो आणि नीळ पसरते. त्या डागांवरून बराकीत रोज भांडणं व्हायची. आम्हा सुईवाल्यांनाच बोलणी बसायची, भोकं नीट पाडली नाहीत म्हणून.

"दो कोने तेरे, दो इसके," अम्मा मास्टरला म्हणाली. "कागज़ उल्टा करना बंद." मग शेठला सिंधीत काहीतरी सांगितलं. शेठनं मला पेन्सिल ठेवून घ्यायला सांगितली.

बायका उठल्या, पाठीवर हात फिरवायला लागल्या. मी मास्टरसमोरच उभी होते. जीभ रेटली. "मी कुठून काढते ते तुम्ही एकदा तरी बघायचं होतं."

मराठी त्याला कळायची. पेन्सिलीला टोक काढत तो म्हणाला, "मैं समझा तेरे को ऐसे ही आता है. मेरे को क्या पता तू किधर से लिखती है." आणि टोकावरचा भुसा फुंकून, "तूने भी तो पूछा नहीं."

हे खरं होतं. म्हणून जास्त झोंबलं. आज आम्ही एकाच फळीवर समोरासमोर बसतो, तो त्याचे कोपरे काढतो, मी माझे. चहा एकत्र पितो. पण त्याचं ते वाक्य आठवलं की अजून माझी पेन्सिल कागदात रुतते.

संध्याकाळी पेढे घेऊन मी बाईंकडे गेले. बाई शाळेतून आल्या नव्हत्या. म्हातारीनं पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "तुझं झालं, बरं झालं. हिचं मात्र या साली राहिलं."

"काय राहिलं?"

"तिची परीक्षा. मुंबईला असते ना, ड्रॉइंग टीचरची. होऊन गेली गेल्या आठवड्यात. गेलीच नाही. म्हणाली, सराव झाला नाही."

कोळशाच्या कांड्या, वर्तमानपत्रांचा गठ्ठा, फूटपट्टी, सगळं बाईंनी स्वतःच्या सरावासाठी आणून ठेवलं होतं. संध्याकाळचा तेवढाच वेळ त्यांना मिळायचा, आणि तो मी घेतला होता. घेतला काय, त्यांनी दिला होता, मला न सांगता.

बाई आल्या तेव्हा मी पेढ्यांचा पुडा तसाच धरून उभी होते. "सांगितलं का नाही?" मी विचारलं. अभिनंदन ऐकायला आलेली मी, आणि त्यांच्यावर ओरडत होते. "इतके दिवस माझे हंडे बघत बसलात. स्वतःची परीक्षा सोडली. मला एका शब्दानं बोलला नाहीत."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले."

"मग? पुढच्या वर्षी देईन. परीक्षा पळून जात नाही. पेढा दे."

पुढच्या वर्षी बाईंची बदली बदलापूरला झाली. शिरगावच्या बाजूला, भाताच्या खाचरांजवळ एका घरात त्या राहतात. शाळेत दोन वर्ग एकट्या सांभाळतात, पाणी लांबून आणावं लागतं, म्हातारी आता अंथरुणाला खिळलेली. मी महिन्यातून एखादा रविवार जाते. दर वेळी विचारते, "फॉर्म भरला?" दर वेळी त्या म्हणतात, "पुढच्या वर्षी." मला त्यांचा भयंकर राग येतो. मी भांडते. त्या म्हणतात, "बये, तू रेघ शिकायला आली होतीस की भांडायला?"

मी इथे राहिले. काकूच्या घरी गेले नाही. दादानं नंतर स्वतःहून वहिनीच्या आईला सांगितलं की हिचं अंथरूण तिथेच राहील. हे सगळं बाईंच्या संध्याकाळींवर उभं आहे, आणि त्या संध्याकाळी मी अजून परत केलेल्या नाहीत.

म्हणून इथे लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. लग्नसराई संपली की बराकीत काम मंदावतं. तेव्हा मी शेठला सांगून सुट्टी घेईन आणि बदलापूरला बाईंच्या घरी राहायला जाईन. पाणी मी आणीन, स्वयंपाक मी करीन, म्हातारीचं सगळं मी बघीन. बाईंनी शाळेतून यायचं आणि कोळसा हातात घ्यायचा. पहिल्या वर्षी जमलं नाही तर दुसऱ्या वर्षी जाईन, तिसऱ्या वर्षी जाईन. त्या मुंबईला जाऊन ती परीक्षा देऊन येईपर्यंत जात राहीन. त्या नको म्हणतील, चिडतील, उंबऱ्यावरून परत पाठवतील. पाठवू देत. चिडण्यात त्यांनी मला हरवून दाखवावं.